इंजिन फ्लश टाकायचा की नाही, अन् ऑइल कोणतं घ्यायचं

सोयाबीन निघालं की दारव्हा रोडवरच्या माझ्या गॅरेजसमोर ट्रॅक्टर उभे राहतात अन् एकच विचारणा होते, "भाऊ, इंजिन साफ करायची बाटली टाकू काय?" ही बाटली म्हणजेच इंजिन फ्लश. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला तिची गरज नाही. मळ धुणारी रसायनं चांगल्या ऑइलमध्ये आधीच असतात. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच तासांत काळं पडतं ते त्यामुळेच. ते खराब निघालेलं नसतं, काजळी उचलून अंगात धरून ठेवत असतं.

फ्लश कामाचा कुठे? जुनी गाडी विकत घेतली, आधीच्या मालकानं ऑइल कधी बदललं याचा पत्ता नाही, अन् ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पातळ तपकिरी थर दिसतो, तिथे. पण बोटाला डांबरासारखा जाड गाळ लागला तर फ्लशला हात लावू नका. एकदम सुटलेला गाळ चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथल्या) ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो, वर ऑइल चढत नाही अन् बेअरिंग जातात. अशा इंजिनात योग्य ग्रेडचं (डब्यावरचा 15W-40 सारखा आकडा) साधं ऑइल भरा, नेहमी जितक्या तासांनी बदलता त्याच्या निम्म्या तासांतच काढा अन् परत भरा. हळूहळू धुतलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली अन् डिझेलचा वास आला, तर पंप-नोझल तपासून घ्या. हे आजार बाटलीनं जात नाहीत.

टाकायचाच असेल तर इंजिन आधी गरम होऊ द्या. बाटलीवर लिहिलंय तेवढाच फ्लश जुन्या ऑइलमध्ये ओता अन् सांगितलेला वेळ, बहुतेक बाटल्यांवर 5 ते 15 मिनिटं, इंजिन नुसतं स्लोवर चालवा. रेस नाही, लोड नाही, वावरात तर अजिबात नाही, कारण फ्लशनं ऑइल पातळ झालेलं असतं. मग गरम असतानाच ड्रेन नट खोला, शेवटचा थेंब निथळू द्या, फिल्टर नवा टाका, नटाचा वॉशरही नवा. काही जण फ्लशऐवजी रॉकेल ओततात. ते मला पाहवत नाही. रॉकेलला वंगण नसतं अन् थोडं आत राहतंच.

मोटारसायकलचं वेगळं आहे. तिचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणून डब्यावर जासो (जपानी दर्जा-खूण, JASO) एमए किंवा एमए२ पाहूनच घ्या. कारचं ऑइल भरलं तर क्लच घसरू शकतो. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. फ्लशच्या बाटलीवरही मोटारसायकलसाठी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती परत ठेवा.

आता ग्रेड. 15W-40 मध्ये W च्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा आकडा 100 अंशांवर ऑइल किती घट्ट राहतं ते. आपल्याकडे पौषातली पहाट 10W, 15W, 20W कोणालाही जड जात नाही. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून लोक जमेल तेवढं जाड ऑइल मागतात. तसं करू नका. 10W-30 सांगितलेल्या गाडीत 20W-50 भरलं तर बारीक मार्गांत ऑइल उशिरा पोचतं, इंजिन जड फिरतं. गाडीच्या पुस्तिकेत तापमानानुसार तक्ता असेल तर त्यातलाच ग्रेड घ्या. ट्रॅक्टरसाठी डब्यावर एपीआयचं (API, अमेरिकी दर्जा-खूण) C नं सुरू होणारं अक्षर पाहा, उदाहरणार्थ सीआय-४ (CI-4). नुसतं S असलेलं पेट्रोल गाड्यांचं असतं.

थ्रेशरवर बेल्ट लावून चालणाऱ्या ट्रॅक्टरचं ऑइल मी पुस्तिकेतल्या तासांच्या आधीच बदलतो. कुटाराची धूळ एअर क्लीनरमध्ये भरते, तिथून पुढे गेली की लायनर-रिंग घासते. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर त्याची वाटी त्या दिवसांत रोज संध्याकाळी पाहा. गाळ साचला की वाटी धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल भरा.

काढलेलं ऑइल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ सांडू नका. कॅनमध्ये भरून, त्यात पाणी न मिसळता, जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.