मोगऱ्याचं अत्तर घरच्या घरी, काही न उकळता

एप्रिल-मे म्हणजे आमच्या बेळगावात मोगऱ्याचे दिवस. संध्याकाळी गणपत गल्लीत नुसतं चाललं तरी वास येतोय, आणि तरीपण लोक अत्तर म्हणून ऑनलाइन कुठली कुठली बाटली मागवतात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. घरी करायला मोगऱ्याएवढं सोपं फूल नाही बघा. गुलाब तोडला की त्याचा जो काय वास आहे तो पाकळीत, नवा तयार होत नाही, खरं मोगऱ्याची कळी तोडली तरी रात्री उमलते आणि रात्रभर वास तयार करून हवेत सोडत राहते. आपण फक्त ती हवा तेलापर्यंत पोचवायची, बाकी काम फूल स्वतःच करतंय.

म्हणून पहिली गोष्ट, फुलं तेलात उकळू नका. यूट्यूबवर बरेच जण कढईत तेल तापवून त्यात फुलं सोडतात, त्यानं भाजीसारखा शिजका वास येतो, मोगरा राहतच नाही. उत्तर प्रदेशात अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजला उकळतात हे खरं आहे, पण तिथं तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं पाण्यात असतात आणि वाफ नळीतून भपक्यातल्या, म्हणजे ती गार होऊन जमा होते त्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात उतरते, तेल स्वतः चुलीवर चढत नाही. आणि ते आपल्या स्वयंपाकघरात होणारं काम नव्हे.

सामान काय लागतं ते सांगतो. घट्ट झाकणाचा पसरट स्टीलचा डबा, जुन्या धोतराचं किंवा मलमलचं मऊ कापड डब्याच्या मापाचे चार-पाच तुकडे (साबणाचा वास अजिबात नको, नुसत्या गरम पाण्यात उकळून कडकडीत वाळवा), आणि 100 मिली बिनवासाचं तेल. जोजोबा मिळालं तर सगळ्यात चांगलं, ते लवकर खवट होत नाही, नाहीतर शुद्ध गोड बदामाचं तेल, पण केसांना लावायचं जे बदाम तेल मिळतं ते नको, त्यात आधीच सेंट घातलेला असतोय. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल खायला भारी, खरं त्याला स्वतःचा वास आहे आणि तो मोगऱ्यावर चढतो. खोबरेल वापरायचं असेल तर बारा महिने पातळ राहणारं घ्या, साधं खोबरेल आपल्याकडं थंडीत गोठतंय, रोल-ऑनमधून येणारच नाही.

आता फुलं. गजरा घेऊ नका! गजऱ्यावर पाणी मारलेलं असतं, वर ओलं फडकं असतं, आणि पाणी तेलात गेलं की बुरशी ठरलेली. सुट्ट्या कळ्या घ्या, पांढऱ्या, टपोऱ्या, त्याच रात्री उमलतील अशा. दुपारी उशिरा जाऊन फुलवालीला आधीच सांगून ठेवा की पाणी न मारता बाजूला काढ, आमच्या इथल्या मावश्या कन्नड मराठी दोन्ही बोलतात, एकदा ओळख झाली की त्याच चांगल्या कळ्या ठेवतात. रोज 50 ते 100 ग्रॅम पुरे. घरी आणून हिरवे देठ काढा, कागदावर अर्धा तास पसरा. वळीव पडून गेला असेल आणि फुलं भिजलेली असतील तर त्या दिवशी सुट्टी घ्या, काही बिघडत नाही.

कापडाचे तुकडे तेलात बुडवून हलके पिळा, उरलेलं तेल वाटीत झाकून ठेवा. डब्यात एक कापड, त्यावर कळ्यांचा एकेरी थर, परत कापड, परत कळ्या असं करत वर शेवटी कापड, आणि झाकण लावून अंधाऱ्या गार जागी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुनी फुलं एक-एक करून काढा, तपकिरी पडलेली एक पाकळीसुद्धा आत ठेवू नका, सडका वास तिथूनच सुरू होतो, आणि नवीन कळ्या घाला. असं आठ-दहा दिवस. चौथ्या-पाचव्या दिवसापासून डबा उघडला की फरक कळायला लागतोय. शेवटी कापडं जोर लावून पिळा, वाटीतलं तेल मिसळा, बाटलीत दोन दिवस स्थिर ठेवून तळाला पाणी दिसलं तर वरचं तेल तेवढं अलगद काढून घ्या. व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल फोडून घातली तर तेल जास्त दिवस टिकतं.

हे तेल तसंच लावलं तरी छान, पण नुसता मोगरा अंगावरून लवकर उडतो, त्याला धरून ठेवणारं जड काहीतरी खाली लागतं. माझ्या मते मोगऱ्याला वाळ्यासारखी जोडी नाही. 10 मिलीच्या रोल-ऑन बाटलीत मोगऱ्याचं तेल गळ्यापर्यंत भरा, वाळ्याचे 3 थेंब, चंदनाच्या तेलाचे 5 थेंब, बास. वाळा एकदम ओतू नका, मातीसारखा दाट वास आहे, दोन थेंब जास्त झाले तर मोगरा गायब. चंदन तेल महाग आहे, मान्य, पण मैसूरचा सरकारी कारखाना 1916 पासून हेच काम करतोय, त्यांची लहान बाटली घेतली तर वर्षानुवर्षं पुरते. स्वस्तातलं ‘चंदन’ घेण्यापेक्षा चंदन न घातलेलं बरं. अगरबत्तीसाठी मिळणारा सेंट तर अंगाला लावायचाच नाही. लिंबाचं तेल घालून ताजेपणा आणतात काही जण, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल होऊ शकते, मी घालत नाही.

स्प्रे करायचा म्हणून स्पिरिट, थिनर असलं काही आणू नका. त्यात मिथेनॉल असू शकतं, ते विषारी आहे आणि कातडीतूनही आत जातं. तेलातलं अत्तरच करा.

मिसळल्यावर बाटली गडद काचेची, उन्हापासून लांब, दोन-तीन आठवडे तशीच ठेवा, तोपर्यंत वास एकमेकांत मुरतात. मग कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर बघा, खाज किंवा लाली आली तर वापरू नका. ठीक असेल तर मनगटावर, कानामागं लावा, चोळू नका, आणि पांढऱ्या कपड्यावर नको, तेलाचा डाग जात नाही. आजोबांसारखा कापसाचा फाया कानात ठेवला तर दिवसभर वास राहतो. बदामाचं तेल असेल तर सहा महिन्यांत संपवा, कडवट वास आला की टाकून द्या.

मोगरा संपला तरी हीच पद्धत निशिगंधाला चालते, तोही तोडल्यावर वास सोडत राहतो. फक्त पावसाळ्यात हवा ओली असते म्हणून फुलं पंख्याखाली जास्त वेळ पसरायची आणि कापडं नवीन घ्यायची.