वासाच्या प्रयोगात उत्तर नाकानेच दिले का? या चुका टाळा

कोविडच्या साथीत असंख्य लोकांचा वास गेला आणि त्यानंतर गंधसंवेदनेवरचे प्रकल्प नागपुरातल्या महाविद्यालयांमध्ये एकदम लोकप्रिय झाले. मानसशास्त्र, प्राणिशास्त्र, अन्नतंत्रज्ञान अशा निरनिराळ्या विभागांतून ते माझ्याकडे तपासण्यासाठी किंवा सल्ल्यासाठी येतात आणि त्यांपैकी बहुतेकांचा घात एकाच कारणाने झालेला असतो. नाकाचे म्हणून वहीत नोंदवलेले उत्तर घ्राणपेशींनी दिलेलेच नसते. ते कधी भलत्याच चेतेचे, म्हणजे मज्जातंतूचे असते, कधी खोलीचे, कधी बाटलीचे, तर कधी प्रयोग घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरच्या उत्सुकतेचे. चार बाटल्या आणि डोळ्यांवर बांधायला एक रुमाल मिळाला की गंधविज्ञान सुरू झाले, अशी समजूत ज्यांनी करून घेतली आहे त्यांच्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे.

कापूर आणि बाम यांना शुद्ध वास समजणे

ही माझी सर्वांत नावडती चूक असल्यामुळे तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. घरात सहज मिळणारे वासाचे पदार्थ आणा असे सांगितले की विद्यार्थी कापूर, नीलगिरीचे तेल, पुदिन्याचे सत्त्व, डोकेदुखीचा बाम, व्हिनेगर आणि कापलेला कांदा घेऊन येतात. वास जितका तीव्र तितका प्रयोग सोपा, असा त्यामागचा हिशेब असतो, आणि नेमका तोच चुकतो. नाकाच्या छताशी असलेल्या लहानशा पटलातील घ्राणपेशी वास टिपतात. माणसात त्यांच्यावरील गंधग्राहींचे, म्हणजे वासाचे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांचे, सुमारे 400 प्रकार कार्यरत असतात, आणि अशा ग्राहींच्या जनुकांचे प्रचंड कुटुंब लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये उजेडात आणले, ज्याबद्दल त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच नाकात ट्रायजेमिनल ही पाचवी कपालचेताही पसरलेली असते आणि झोंबणे, चुरचुरणे, जळजळ व गारवा या संवेदना ती मेंदूकडे नेते. पुदिन्यातील आणि बामातील मेंथॉलमुळे उद्दीपित होणारा टीआरपीएम-8 हा ग्राही तर मुळात थंडी ओळखणारा आहे. त्यामुळे ज्याची घ्राणचेता पूर्णपणे निकामी झाली आहे असा माणूसही बामाची बाटली बिनचूक ओळखतो.

हे किती सर्रास घडते याचा अंदाज गंधसंशोधक रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांच्या 1978 मधील प्रयोगावरून येतो. त्यांनी वासाची संवेदना नसलेल्या व्यक्तींना 47 रसायने हुंगायला दिली, तेव्हा त्यांपैकी 45 रसायनांची चाहूल निदान काही जणांना तरी लागली. ज्या दोन रसायनांची चाहूल कोणालाच लागली नाही त्यांत व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन होते.

काही काळापूर्वी माझ्यासमोर एक प्रकल्प आला होता. कोविडनंतर वास गेलेल्या लोकांना रोज सकाळ-संध्याकाळ कापूर आणि नीलगिरी हुंगायला देऊन बहुतेकांचा वास परत आल्याचा निष्कर्ष त्यात काढलेला होता. आलेख रंगीत होते, तक्ते नीटनेटके होते, आणि वास परत आला की नाही याची तपासणीही त्याच कापराच्या आणि नीलगिरीच्या बाटल्यांवर केलेली होती. प्रश्नावलीत विचारलेला प्रश्न एवढाच होता की, "काही जाणवते का?" मी त्या सहभागींपैकी एका काकूंना व्हॅनिलिनचे द्रावण आणि नुसत्या द्रावकाची कोरी बाटली आलटून पालटून दिली. त्यांना दोन्हींत काहीही फरक कळला नाही. कापराचे काय, असे विचारल्यावर त्या सहजपणे म्हणाल्या, "वास नाही येत जी, नाकात गार लागते." हे त्या पहिल्या दिवसापासून सांगायला तयार होत्या, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते.

यावर विद्यार्थी एक आक्षेप घेतात आणि तो अगदीच निराधार नाही. गंधसंशोधक थॉमस हुमेल यांच्या 2009 च्या प्रसिद्ध गंध-प्रशिक्षणात, म्हणजे ठरावीक वास रोज हुंगण्याच्या सरावात, गुलाब, लिंबू आणि लवंग यांच्याबरोबर नीलगिरीचा वासही होता, मग आम्हीच का टाळावा, असे ते विचारतात. प्रशिक्षणात तो जरूर ठेवावा. मात्र सुधारणा मोजण्यासाठी निराळे वास वापरावेत, आणि प्रशिक्षण न घेतलेल्या लोकांचा गटही ठेवावा, कारण विषाणूमुळे गेलेला वास अनेकांच्या बाबतीत आपोआपही परततो.

माझी सवय अशी आहे की मोजमापासाठी मी व्हॅनिलिन आणि गुलाबासारखा वास देणारे फिनाइल इथाइल अल्कोहोल हीच दोन रसायने आधी काढतो. एखाद्या पदार्थाबद्दल शंका असेल तर त्याची वाफ सहभागीच्या नकळत एकाच नाकपुडीत सोडतो, दुसरीत नुसती हवा सोडतो, आणि कोणत्या बाजूने आले असे विचारतो. केवळ वास देणारा पदार्थ कोणत्या नाकपुडीतून आला हे माणसाला सांगता येत नाही, ते अंदाजपंचे निम्म्या वेळाच बरोबर येते. झोंबणाऱ्या किंवा गार लागणाऱ्या पदार्थाची बाजू मात्र लगेच ओळखू येते.

खोलीला प्रयोगाबाहेर समजणे

आपल्या शहरात ही चूक उन्हाळ्यात फोफावते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की प्रयोगशाळेत कूलर लावण्यावाचून इलाज नसतो, आणि पुष्कळ कूलरना आजही वाळ्याच्या ताट्या असतात. ओल्या वाळ्यावरून येणारी हवा मलाही आवडते, पण ती गंधाच्या प्रयोगात नको. एका उन्हाळी शिबिरातील विद्यार्थ्यांनी गुलाबाच्या वासाची अवसीमा, म्हणजे ज्या सर्वांत विरल द्रावणाचा वास अद्याप येतो ती पातळी, सकाळी आणि दुपारी मोजली. दुपारच्या लोकांनी अत्यंत विरल बाटल्यांनाही "वास येतो" म्हटल्याने दुपारी माणसाचे नाक अधिक तीक्ष्ण होते असा शोध त्यांनी जाहीर केला. मी दुपारच्या सत्रात गुपचूप एक कोरी बाटली रांगेत ठेवली. एकाने तिला गोडसर म्हटले, दुसऱ्याला ती मातीसारखी वाटली, आणि तिसऱ्याने तर वाळा असे नाव घेऊनच सांगितले. सकाळच्या सत्रात कूलर बंद होता, दुपारी तो जोरात चालू होता, आणि शोधाचा सगळा पाया एवढाच होता. त्यातच दुपारच्या उष्णतेने तेच द्रावण अधिक वेगाने बाष्प सोडते, त्यामुळे सकाळची आणि दुपारची बाटली वासाच्या दृष्टीने एकसारखी राहतच नाही.

मुळात प्रत्येक फेरीत कोरी बाटली ठेवली असती तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती. वेळ वाचवण्यासाठी सर्वांत आधी कोऱ्या बाटल्याच वगळल्या जातात, आणि हा शॉर्टकट मला सर्वाधिक चीड आणतो. विद्यार्थ्यांनी "काही येते का" असे विचारत विरल द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे सरकणे थांबवावे. तीन बाटल्या समोर ठेवाव्यात, त्यांतील दोन कोऱ्या असाव्यात, आणि वासाची कोणती हे निवडायला सांगावे. जर्मनीत 1997 मध्ये विकसित झालेल्या स्निफिन् स्टिक्स या चाचणीतही हेच तत्त्व आहे. मी अशी कामे सकाळी लवकर उरकतो, कूलर बराच आधी बंद करतो, आणि शेजारी उपाहारगृह असेल तर ती खोलीच नाकारतो, कारण तर्री-पोह्याच्या वासापुढे कोणतीही अवसीमा टिकत नाही.

कोरी बाटली दुसऱ्या कारणासाठीही लागते. अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठात प्राध्यापक एडविन स्लॉसन यांनी एका व्याख्यानात कापसावर नुसते ऊर्ध्वपातित पाणी ओतले आणि हा तीव्र वास सभागृहात किती वेगाने पसरतो ते पाहू, ज्याला वास येईल त्याने हात वर करावा, असे श्रोत्यांना सांगितले. पंधरा सेकंदांत पुढच्या रांगेतील बहुतेकांचे हात वर झाले, चाळीस सेकंदांत लाट मागच्या रांगांपर्यंत पोचली, आणि अखेरीस सुमारे तीन चतुर्थांश श्रोत्यांना तो वास आला. काही जणांना त्रास होऊ लागल्याने प्रयोग आवरता घ्यावा लागला. हा प्रयोग 1899 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून "आता तुम्हाला गुलाबाचा वास देतो" असे प्रस्तावनेतच सांगून टाकणाऱ्या विद्यार्थ्याने पुढील तक्ते भरण्याचे कष्ट घेऊ नयेत. बाटलीत काय आहे हे तिला हाताळणाऱ्यालाही माहीत नसावे. बाटल्यांना फक्त क्रमांक द्यावेत आणि क्रमांकांची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात असावी.

संत्र्याचे तेल प्लास्टिकच्या कपात ठेवणे

नागपूरचा विद्यार्थी संत्रे घेणारच, आणि त्याला माझा विरोध नाही, कारण मृग बहाराची फळे बाजारात असताना सालींची कमतरता नसते. परंतु संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते, आणि लिमोनीन थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन विरघळवते व पॉलिथिनमध्ये मुरते. चहाच्या थर्माकोलच्या कपात ते ठेवल्यास कपाला भोक पडते, आणि प्लास्टिकच्या बाटलीत ठेवल्यास तेल बाटलीच्या भिंतीत जाते, तर बाटलीचा वास तेलात येतो. उघड्या हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन वास दिवसागणिक बदलतो. काचेची, घट्ट झाकणाची गडद बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि तिच्यावर भरल्याची तारीख लिहावी. ताजी साल प्रत्येक वेळी वेगळी असते, त्यामुळे ती प्रात्यक्षिकासाठी चालते, मोजमापासाठी चालत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

खर्रा किंवा तंबाखू खाल्लेल्या माणसाला थेट बाटली देऊ नये. चाचणीपूर्वी तासभर पाण्याखेरीज काही घेतले नसावे, आणि हे सांगण्याची जबाबदारी प्रयोग घेणाऱ्याची आहे. दोन वासांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. घाईत वीस बाटल्या पाच मिनिटांत फिरवणाऱ्यांना केवळ थकलेले नाक मोजायला मिळते. मध्ये कॉफीच्या बिया हुंगवल्याने नाक "ताजे" होते ही अत्तराच्या दुकानातील प्रथा आहे, पण 2011 मधील एका प्रयोगात कॉफी साध्या हवेपेक्षा अधिक उपयोगी ठरली नाही. स्वच्छ हवेत दोन श्वास घेणे पुरेसे असते.

चार पर्यायांच्या चाचणीत 25 टक्के उत्तरे नुसत्या नशिबाने बरोबर येतात, हे विसरून "पन्नास टक्के वास शाबूत" असे लिहिणारे दरवर्षी भेटतात. डॉटी यांच्या 1984 मधील पेनसिल्व्हेनियाच्या चाळीस वासांच्या चाचणीत म्हणूनच 10 गुण अंदाजाने मिळू शकतात, आणि 5 किंवा त्याहून कमी मिळाले तर माणूस मुद्दाम चुकतो आहे का अशी शंका घेतली जाते. त्याच चाचणीत रूट बिअर हे पेय आणि पम्पकिन पाय हा भोपळ्याचा गोड पदार्थ अशा अमेरिकी खाद्यपेयांचे वास आहेत. नागपूरच्या महाल भागातील आजीबाईंना ते ओळखता आले नाहीत म्हणून त्यांची घ्राणशक्ती क्षीण ठरवणे हा निव्वळ आळस आहे. शिवाय वासाचे नाव न आठवणे आणि वास न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे निवडीसाठी पर्याय द्यावेत आणि ते पर्याय इथल्या स्वयंपाकघरातले असावेत.

प्रस्तावनेत "माणूस एक लाख कोटी वास ओळखतो" हे वाक्य लिहिण्यापूर्वी, 2014 मधील त्या अंदाजाच्या गणितावर पुढच्याच वर्षी कोणते आक्षेप घेतले गेले तेही वाचावे. त्याच आकडेवारीत गृहीतके थोडी बदलली की उत्तर कमालीचे बदलते. माणसाचे नाक कुचकामी असते हे उलट टोकाचे वाक्यही तितकेच टाकाऊ असून, ती एकोणिसाव्या शतकातील समजूत आहे हे जॉन मॅकगॅन यांनी 2017 मध्ये सविस्तर दाखवले आहे.

शेवटची चूक प्रयोग संपल्यानंतर होते. एखाद्या सहभागीला एकही वास ओळखता आला नाही, तर विद्यार्थी त्याला तोंडावर सांगून टाकतात, किंवा काहीच न सांगता घरी पाठवतात. महाविद्यालयातील चाचणी म्हणजे निदान नव्हे, हे त्याला स्पष्ट सांगावे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाण्यास सुचवावे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळलेले असते आणि ते या माणसाला कळणार नाही, तेव्हा घरात गळती ओळखणारे गजर-यंत्र बसवण्याचा सल्लाही त्याच बैठकीत द्यावा.