आई ओठांतल्या ओठांत काय म्हणायची

आईला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं होतील. ती एअर इंडियात एअर होस्टेस होती हे पार्ल्यात आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे केबिन क्रूच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुली अजूनही घरी येतात. आई त्यांना चहा पाजून जे सांगायची ते मला पाठ आहे. आता मी सांगते.

बारावी पास आणि वय अठरा पूर्ण, एवढ्यावर बहुतेक कंपन्यांत अर्ज करता येतो. खरं प्रशिक्षण निवड झाल्यावर कंपनीच देते. म्हणून ‘नोकरीची हमी’ देत लाखांत फी मागणाऱ्या क्लासच्या दारात पाऊल टाकण्याआधी नीट विचार करा. आई म्हणायची, "पोहायला शीक गं. लिपस्टिक कशी लावायची ते तिथे शिकवतील." ती स्वतः शिवाजी पार्कच्या तलावात शिकली होती.

या कामाचा गाभा ट्रॉलीत नाही, दारात आहे. निम्मीच दारं उघडी असताना सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. दर ५० आसनांमागे किमान एक क्रू असतो, तो याचसाठी. चहा-जेवण देणं हे त्या जागेवर असताना करायचं काम.

आई १९७९ साली रुजू झाली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही आणि पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी संपली, असा तेव्हा नियम होता. त्याविरुद्ध नर्गेस मिर्झा आणि इतर एअर होस्टेस सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८१च्या निकालात न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची मात्र कायम ठेवली. आईने लग्न १९८३ साली केलं. १९८५ साली मी झाले आणि तिची नोकरी टिकली. तुम्ही आज ज्या वाटेने जाल ती या बायकांनी भांडून मोकळी केली आहे, हे विसरू नका.

घरच्यांशी आधी बोला, अगदी मोकळेपणाने. रात्री दीडला खाली गाडी यायची. आई माझ्या उशाशी बसून निऱ्यांना पिना लावायची, म्हणजे मला जाग आली तर ती दिसावी. तिचं घड्याळ परदेशातही भारताच्या वेळेवर असे. साडेबारा वाजले की ती मनात म्हणायची, शाळा सुटली. मला ताप असताना ती तीन दिवस न्यूयॉर्कला होती, आणि आजी होती म्हणून निभावलं. ज्या घरात आजी नाही, तिथे ही जागा कोण भरणार ते रुजू होण्याआधी ठरवा.

१९९४ साली आईच्या ड्यूटीच्या विमानातून मी लंडनला गेले. धावपट्टीवर विमान वेग घेत होतं. ती माझ्यासमोरच्या जंप सीटवर पट्टे बांधून ताठ बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, रामरक्षा म्हणतेय. नंतर विचारलं तर म्हणाली, "नाही गं. दार कुठलं, हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं, बाहेर आग असेल तर कुठलं दार, आणि आसपास मदतीला येईल असा धडधाकट माणूस कोण, हे दर वेळी मनात घोकायचं." प्रत्येक उड्डाणाला आणि प्रत्येक उतरण्याला. बावीस वर्षं तिने हे एकदाही चुकवलं नाही. तुम्ही आजपासूनच सुरू करा, लोकलमध्ये, थिएटरात, कुठेही.

शेवटच्या आजारात ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात तिचे ओठ असेच हलत होते. मी वाकून विचारलं, काय म्हणतेस?

"दार डावीकडे, चौथ्या खाटेनंतर," ती म्हणाली. "काही झालं तर तू आधी त्या समोरच्या आजींना उठव. मी हळूहळू येते."