मिरचीचे बी कधी आणि कुठे पेरावे

मिरचीच्या पेरणीची तारीख ठरवताना पेरणीपासून पुढे मोजण्यापेक्षा, रोपे उघड्यावर लावता येतील त्या दिवसापासून मागे मोजणे अधिक उपयोगी ठरते. थंड हिवाळ्याच्या प्रदेशात, दव गोठवणारी थंडी पूर्णपणे संपून रात्रीचे तापमान सलग १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की तो दिवस आला असे समजावे, कारण मिरचीला एका रात्रीचा हिमकडाकाही सोसत नाही आणि गार मातीत लावलेले रोप मेले नाही तरी कित्येक आठवडे वाढ रोखून बसते. जिथे थंडीची भीती नाही तिथे विचार करायचा तो फुलोऱ्याचा. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही गरम राहिल्या की मिरचीची फुले गळतात. म्हणून पुनर्लागवडीनंतर, म्हणजे रोपे कायमच्या जागी लावल्यानंतर, साधारण ५ ते ८ आठवड्यांनी येणारा फुलोरा कडक उन्हाळ्यात किंवा संततधार पावसात सापडणार नाही, अशा बेताने पेरणी करावी.

मागे किती मोजायचे, हे मिरचीच्या प्रकारावर अवलंबून असते. नेहमीच्या लांबट मिरच्या आणि ढोबळी मिरची ज्या कॅप्सिकम ॲन्युम या जातीत मोडतात, त्या जातीचे बी पुरेशी ऊब मिळाल्यास १ ते २ आठवड्यांत उगवते. त्याची रोपे उबदार हवेत ५ ते ६ आठवड्यांत, तर थंड प्रदेशात घरात वाढवल्यास ८ ते १० आठवड्यांत लावण्याजोगी होतात. हबानेरो, भूत झोलकिया यांसारख्या अतितिखट मिरच्यांची उगवणच अनेकदा ३ ते ४ आठवडे घेते आणि फळे पिकायलाही त्यांना जास्त काळ लागतो. त्यांच्यासाठी १० ते १२ आठवडे धरावेत. उन्हाळा आखूड असेल तर अशा मिरच्यांसाठी लवकर पेरणीला पर्याय नाही. इतरांच्या बाबतीत मात्र घाई न करणेच शहाणपणाचे आहे, कारण फार आधी पेरलेली रोपे लहान कपातच मुळांची गुंडाळी करून, कधी तिथेच फुलावर येऊन थकतात आणि दोन आठवडे उशिरा पेरलेली तजेलदार रोपे त्यांना सहज गाठतात.

आता जागेचा प्रश्न. बियाला ऊब हवी असते आणि रोपाला उजेड, आणि या दोन्ही गोष्टी घरात एकाच ठिकाणी क्वचितच मिळतात. उगवणीसाठी माध्यमाचे, म्हणजे बी ज्यात पेरतो त्या मातीचे किंवा कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे), तापमान २५ ते ३० अंश असावे. इथे हवेचे तापमान पाहून भागत नाही, कारण ओले माध्यम बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा गार राहते आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला ट्रे रात्री आणखी थंडावतो. शक्य असल्यास तापमापीचे टोक कोकोपीटमध्येच खोचून पाहावे. अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरलेल्या या बियाला उगवण्यासाठी उजेड लागत नसल्याने अंधारी पण उबदार जागा, किंवा ट्रेखाली घालायची विजेची उबदार चटई चालते.

पहिला कोंब दिसताच मात्र ट्रे त्याच दिवशी उजेडात न्यावा. उबेत आणि अंधारात दोन दिवस जरी राहिला तरी रोपे फिकट, लांबोडकी होऊन मान टाकतात. उगवल्यानंतर तेवढ्या उबेची गरज उरत नाही, दिवसा २० ते २५ अंश पुरतात. हिवाळ्यातल्या खिडकीचा उजेड बहुधा अपुरा पडतो, तेव्हा दिवसाकाठी १४ ते १६ तास दिव्याची सोय करावी, अन्यथा दिवस मोठा होईपर्यंत पेरणी पुढे ढकलावी. माझ्या मते दिवा नसलेल्यांनी दुसरा मार्गच निवडावा.

उबदार प्रदेशात रोपे बाहेरच तयार करता येतात, पण तिथे शत्रू वेगळे आहेत. पाणी साचले की कोवळी रोपे देठाशी कुजून कोलमडतात, म्हणून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे किंवा निचऱ्याची छिद्रे असलेले ट्रे वापरावेत आणि जोराच्या पावसापासून आडोसा द्यावा. आधी टोमॅटो, वांगी किंवा मिरची घेतलेली माती टाळावी. फुलकिडे आणि पांढरी माशी विषाणू पसरवतात. पाने आखडून वळवणारा चुरडामुरडा हा रोग रोपवाटिकेतच लागला तर पुढे त्यावर उपाय नाही, त्यामुळे बारीक छिद्रांची कीडरोधक जाळी पेरणीच्या दिवसापासूनच लावावी, कीड दिसल्यावर नव्हे.

घरात वाढलेली रोपे थेट उन्हात नेल्यास पाने पांढरी पडून करपतात. म्हणून पुनर्लागवडीच्या ७ ते १० दिवस आधीपासून त्यांना प्रथम सावलीत तासभर, मग कोवळ्या उन्हात आणि वाऱ्यात रोज थोडे अधिक ठेवावे, आणि हे दिवस अगदी आरंभीच्या मोजणीत धरलेले असावेत.