डेटाबेस कनेक्शनची गळती कशी शोधावी आणि कशी बुजवावी

रीस्टार्ट केल्यावर सर्व्हर सुरळीत चालतो, मग काही तासांनी एकेक रिक्वेस्ट लटकू लागते आणि लॉगमध्ये ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३००००एमएस’ ही ओळ येते. स्प्रिंग बूट ही जावाची चौकट आणि हिकारी पूल (डेटाबेसची कनेक्शन उघडून ठेवून थ्रेडना मागतील तशी देणारा साठा) वापरणाऱ्यांच्या ती चांगलीच ओळखीची. थ्रेडने ३० सेकंद वाट पाहिली आणि तेवढ्या वेळात पूलमधलं एकही कनेक्शन मोकळं झालं नाही, एवढंच ती सांगते. कारण आपणच शोधायचं. घेतलेलं कनेक्शन पूलमध्ये परतच आलं नाही, तर ती गळती. इथली उदाहरणं जावा, हिकारी आणि पोस्टग्रेसची आहेत.

पूलचा आकार वाढवण्याचा मोह आधी आवरा. हिकारीत तो मुळात १० असतो. तो ५० केला तर गळती थांबत नाही, सर्व्हर थोडा उशिरा बसतो इतकंच. शिवाय पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. ॲपच्या दोन प्रती प्रत्येकी ५० घेऊ लागल्या की डेटाबेस इतरांनाही दार बंद करतो.

१. गळती की संथपणा?

पूलचे चार आकडे पाहा: एकूण, वापरात, मोकळी आणि रांगेतले थ्रेड. स्प्रिंग बूटचा देखरेखीचा भाग, ॲक्च्युएटर, चालू असेल तर ते मेट्रिक्समध्ये मिळतात, नाहीतर हिकारीचा डीबग लॉग चालू करा. रात्री वर्दळ ओसरल्यावर वापरातली कनेक्शन शून्यावर आली, तर गळती नाही. क्वेरी संथ आहे किंवा ट्रान्झॅक्शन लांबतंय. वर्दळ नसतानाही आकडा ३ वर अडला, दुसऱ्या दिवशी ५ वर गेला आणि खाली येतच नाही, तर गळती पक्की समजा.

२. डेटाबेसच्या बाजूने पाहा

पोस्टग्रेसच्या ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ व्ह्यूमधून पीआयडी, स्टेट, स्टेट_चेंज, बॅकएंड_स्टार्ट आणि क्वेरी हे रकाने काढा. एखादं सेशन बराच वेळ ‘ॲक्टिव्ह’ दिसत असेल तर क्वेरीच संथ आहे किंवा लॉकवर अडली आहे. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसलं आणि स्टेट बदलून कितीतरी मिनिटं झाली असतील, तर ट्रान्झॅक्शन उघडून कोणीतरी ते तसंच सोडलंय. क्वेरीच्या रकान्यात त्या सेशनची शेवटची क्वेरी असते; ती कोडमध्ये शोधली की संशयित मेथड बहुधा सापडते.

नुसतं ‘आयडल’ मात्र फसवं असतं. पूलमध्ये मोकळं पडलेलं कनेक्शनही तसंच दिसतं आणि ऑटो-कमिटवर (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की होत) असताना हरवलेलंही. इथे बॅकएंड_स्टार्ट कामी येतो. हिकारी कनेक्शन मुळात ३० मिनिटांनी निवृत्त करतो, पण वापरात असलेल्याला हात लावत नाही. त्यामुळे ही सेटिंग बदललेली नसताना ‘आयडल’ सेशन कित्येक तास जुनं दिसलं, तर ते पूलमध्ये परत आलेलंच नाही, असा दाट संशय घ्यायला हरकत नाही.

३. लीक डिटेक्शन चालू करा

हिकारीचं ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’ मुळात ० म्हणजे बंद असतं. किमान २००० मिलिसेकंद चालतं, पण इतकं कमी ठेवलं तर लॉग खोट्या इशाऱ्यांनी भरतो. ६०००० पासून सुरुवात करा. मर्यादा ओलांडली की ‘ॲपरंट कनेक्शन लीक डिटेक्टेड’ हा इशारा स्टॅक ट्रेससह (कोणत्या मेथडने कोणती बोलावली त्या साखळीसह) येतो. त्यात कनेक्शन कुठे घेतलं ते दिसतं, कुठे हरवलं ते नाही. वरच्या हिकारी-स्प्रिंगच्या ओळी सोडून तुमच्या पॅकेजची पहिली ओळ धरा. नंतर त्याच कनेक्शनबद्दल ‘अनलीक्ड’ असा संदेश आला, तर ते परत आलंय, फक्त उशिरा. हिकारी कनेक्शन स्वतःहून काढून घेत नाही.

४. कोडमध्ये कुठे पाहायचं

क्लोज ‘ट्राय’च्या शेवटी असेल तर मधे एक्सेप्शन आलं की तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. ‘फायनली’मध्येही रिझल्टसेटचा क्लोज फसला तर खालचा कनेक्शनचा क्लोज राहून जातो. जावा ७ पासून मिळणारं ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ वापरा, पण तिथेही एक खाच आहे: गेटकनेक्शनला टिंब देऊन लगेच प्रिपेअरस्टेटमेंट लावलं आणि ते एकाच व्हेरिएबलमध्ये घेतलं, तर बंद होतं फक्त स्टेटमेंट. कनेक्शन, स्टेटमेंट आणि रिझल्टसेट तिन्ही वेगवेगळे जाहीर करा.

थ्रेडमुळे होणाऱ्या गळत्या जास्त चिवट. सिंगलटन (सगळ्या थ्रेडमध्ये एकच ऑब्जेक्ट असलेल्या) क्लासच्या फील्डमध्ये कनेक्शन ठेवलं, तर दुसरा थ्रेड त्यावर आपलं कनेक्शन लिहितो. मग पहिल्याचा पत्ताच हरवतो आणि दुसरं दोनदा बंद होतं. थ्रेडलोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या जागेत) ठेवलं, तर एक्झिक्युटरचे, म्हणजे टास्क चालवणाऱ्या साठ्यातले, थ्रेड मरत नसल्यामुळे कनेक्शनही सुटत नाही. बाहेर कनेक्शन घेऊन ते एक्झिक्युटरच्या टास्कला दिलं आणि टास्क सुरू होण्याआधीच रद्द झाला, तर ते बंद करणार कोण? ज्या टास्कमध्ये घेतलं त्याच टास्कमध्ये बंद करा. ट्रान्झॅक्शनल मेथडमध्ये थेट डेटासोर्सकडून कनेक्शन मागितलं तर सहसा दुसरंच मिळतं. ते स्प्रिंग बंद करत नाही.

५. गळतीसारखं दिसणारं दुसरं दुखणं

दहाही थ्रेडनी एकेक कनेक्शन धरलंय आणि आत ‘रिक्वायर्स न्यू’ या नवं स्वतंत्र ट्रान्झॅक्शन उघडणाऱ्या स्प्रिंगच्या सेटिंगमुळे प्रत्येक जण दुसरं मागतोय, असं झालं की सगळे एकमेकांची वाट पाहत बसतात. जावाच्या जेस्टॅक साधनाने थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे थांबलाय त्याची नोंद) घ्या. गेटकनेक्शनवर थांबलेल्या थ्रेडच्या स्टॅकमध्ये ट्रान्झॅक्शन इंटरसेप्टर दोनदा दिसला तर हाच प्रकार. कोंडी टाळण्यापुरता पूल हवा असेल तर हिशेब असा: थ्रेड गुणिले (प्रत्येकी कनेक्शन वजा १), अधिक १. दहा थ्रेडना ११ पुरतात, पण टॉमकॅटचे मूळ २०० थ्रेड धरले तर २०१ लागतील. तेव्हा आतलं ट्रान्झॅक्शन बाहेर काढणंच शहाणपणाचं. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून दुसऱ्या सर्व्हिसला एचटीटीपी कॉल करणंही असंच महागात पडतं.

६. दुरुस्ती तपासा

टेस्टमध्ये पूल २ चा ठेवा, कनेक्शन टाइमआउट २००० मिलिसेकंद करा, संशयित मेथडमधून मुद्दाम एक्सेप्शन फेका आणि ती एकापाठोपाठ तीनदा बोलवा. दर वेळी एक कनेक्शन गळत असेल तर तिसऱ्यांदा टाइमआउट येतोच. टेस्टच्या शेवटी वापरातली कनेक्शन ० आहेत, हेही तपासा.

प्रॉडक्शनमध्ये ॲपच्या रोलला ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ लावून ठेवा, पोस्टग्रेस ९.६ पासून ते मिळतं आणि मुळात बंद असतं. ऐन अडचणीत ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने सेशन मारता येतं, पण त्याने जागा होते ती पोस्टग्रेसमध्ये. हिकारीच्या हिशेबात हरवलेलं कनेक्शन अजूनही वापरातच असतं, त्यामुळे ॲप रीस्टार्ट केल्याशिवाय पूलमधली ती जागा मोकळी होत नाही.