बारीक पतंगाची नवी प्रजाती लिहिताय? आधी या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. आंबोली नाहीतर ताम्हिणीत रात्री दिव्यासमोर लावलेली पांढरी चादर, त्यावर बसलेला नखाएवढाही नसलेला तपकिरी पतंग, आणि खाली एकच ओळ, "सर, कुठेच मॅच होत नाहीये, नवीन आहे ना?" असेलही. सह्याद्रीतल्या बारीक पतंगांवर इतकं कमी काम झालंय की खरंच नवीन असू शकतो. पण नेटवर फोटो मॅच झाला नाही याचा अर्थ एवढाच की त्याचा फोटो नेटवर नाही.

आपल्याकडच्या बारीक पतंगांची नावं बघायला गेलात की एडवर्ड मेरिक आडवा येतोच. इंग्लंडातला शाळामास्तर, 1938 मध्ये वारला, तोवर 14,000 हून जास्त प्रजातींना नावं देऊन झाली होती, त्यात कूर्ग, कारवार, खासी टेकड्या इथून त्याला पाठवलेले नमुनेही भरपूर. वर्णनं मात्र त्रोटक, चित्र नाही, जेनिटॅलिया, म्हणजे जननेंद्रियं, बघितलेल्या नाहीत. म्हणजे तुमचा नवीन पतंग शंभर वर्षांपूर्वीच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये टाचणीवर बसलेला असू शकतो. त्याच्या बऱ्याच टाइप नमुन्यांचे, म्हणजे ज्यांच्यावरून नावं दिली त्या मूळ नमुन्यांचे, फोटो क्लार्क या कीटकतज्ज्ञाने 1955 ते 1970 मध्ये आठ खंडांत छापलेत, ते पानन् पान बघा, महिना जाईल, जाऊ दे. आणि नुसत्या भारतातल्या याद्या बघून थांबू नका. टोमॅटोची पानं पोखरणारी नागअळी, टुटा ॲब्सोल्युटा, आपल्याकडे 2014 मध्ये महाराष्ट्रात सापडली, तिचं पहिलं वर्णन मेरिकनेच 1917 मध्ये पेरू देशातल्या एका नरावरून केलं होतं, फ्थोरिमिया या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात), आणि मधे तीन-चार जीनस फिरून ती आता परत तिथेच आलीय. 2014 मध्ये हा पतंग कुणाच्या दिव्यावर आला असता आणि त्याने फक्त भारतीय याद्या चाळल्या असत्या तर त्याला तो नवीनच वाटला असता.

आता पोट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे झालेलं नुकसान भरून येत नाही. बारीक पतंगात पंखांवर भरवसा ठेवता येत नाही, एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेले दोन पतंग वेगळे दिसू शकतात आणि दोन वेगळ्या प्रजाती हुबेहूब एकसारख्या, म्हणून पोट काढून, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात मऊ करून जेनिटॅलिया बघाव्याच लागतात. आणि प्रत्येक नमुन्याला पोट एकच असतं.

माझ्याकडे एकदा सात नमुने होते, सहा माद्या आणि एकच नर, तीन पावसाळे त्याच जागी चादर लावून मिळालेले. एका परिषदेच्या आधी फोटो हवे होते म्हणून मी चार पोटं एकदम काढली, नराचंसुद्धा, चिठ्ठ्या नंतर घालू म्हटलं, आणि रात्रभर थंड पोटॅशमध्ये ठेवायच्या ऐवजी ट्यूब गरम पाण्यात धरल्या. तेवढ्यात फोन आला, बोलत बोलत बाहेर गेलो, परत आलो तर पाऊण तास झालेला. नराचे पडदे पार गेलेले, वाल्व्हा, म्हणजे मादीला धरायच्या दोन पाकळ्या, सुटलेल्या, ब्रशने स्पर्श केला की तुकडे. माद्यांची तीन पोटं त्यातल्या त्यात बरी होती पण कुठलं पोट कुठल्या टाचणीवरच्या पतंगाचं हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. दुसरा नर मिळायला आणखी दोन जुलै गेले. पेपर तोवर तसाच पडून. त्या रात्री मी जेवलो नाही हे अजून आठवतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: एका दिवशी एकच पोट. पोट काढायच्या आधी पतंगाचे वरून, खालून, डोक्याचे फोटो. मग चिठ्ठी पेन्सिलने लिहून ट्यूबमध्ये, तोच नंबर टाचणीवर, आणि मगच चिमटा हातात. 10 टक्के पोटॅश, रात्रभर, खोलीच्याच तापमानाला. कुणी मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंदांत होतं म्हणून सांगतं, त्याच्याकडे कदाचित पन्नास नमुने असतील, तुमच्याकडे नाहीत. सकाळी खवले साफ करून क्लोराझॉल ब्लॅक या रंगाचा थेंब, म्हणजे पडदे दिसतात. स्लाइडवर दाबून बसवायच्या आधी ग्लिसरीनमध्ये सगळ्या बाजूंनी फोटो काढा, एकदा काच दाबली की युंकसचा, म्हणजे नराच्या जेनिटॅलियातल्या वरच्या आकड्याचा, खरा आकार गेला.

डीएनए बारकोडवाले मला सांगतात, एवढं कशाला, एक पाय लॅबला पाठवला की काम झालं. पाय जरूर पाठवा, मीही पाठवतो. पण सीओआय या जनुकाचे ते 658 अक्षरी तुकडे दोन टक्क्यांनी वेगळे निघाले म्हणजे नवीन प्रजाती ठरत नाही, वोल्बाकिया जिवाणूमुळे हा हिशोब चुकू शकतो, आणि एका नमुन्यावरून प्रजातीतल्या प्रजातीत किती फरक असतो ते कळतच नाही.

बाकीचं थोडक्यात. खवले झडलेला नमुना होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव बेतलेलं असतं तो, करू नका. नर-मादी वेगळे दिसतात म्हणून दोन प्रजाती करू नका. बारीक पतंगाला जाड टाचणी मारू नका, केसासारखी बारीक मिनुटेन पिन वापरा, आणि पंख त्याच रात्री पसरा, सकाळी ते कडक होतात. लेबलवर नुसतं "आंबोली" लिहू नका, जीपीएस, उंची, तारीख, कुणी पकडला, सगळं हवं. वनखात्याची परवानगी आधी, चादर नंतर.

होलोटाइप घरी ठेवू नका. एका कॉलेजच्या कपाटात मी पॅराटाइपचा, म्हणजे होलोटाइपच्या जोडीने नोंदवलेल्या नमुन्यांचा, डबा उघडला होता, आत टाचण्या, लेबलं आणि तपकिरी भुकटी, बाकी सगळं म्युझियम बीटलने खाल्लेलं. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना सरकारने ठरवलेल्या संस्थेत द्यावाच लागतो, झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया त्यातलीच, आणि पुण्याच्या आसपासच्यांना त्यांचं केंद्र आकुर्डीतच आहे. 1999 नंतरच्या नावांना तर होलोटाइप कुठला आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा असेल हे पेपरमध्ये स्पष्ट लिहिल्याशिवाय नावच ग्राह्य धरलं जात नाही. पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर प्रसिद्ध व्हायच्या आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी करा आणि त्या नोंदणीचा उल्लेख पेपरच्या आतच आहे का ते शेवटच्या प्रूफमध्ये स्वतः बघा, संपादकावर सोडू नका.