बहरात पंप उचलायच्या आधी: फुलातले जंतू कोण आणतं ते बघा

बहर चालू झालाय तर फवारणीची घाई करू नका, आधी एवढं वाचा. कळी उमलते तेव्हा फुलात जंतू जवळपास नसतातच, मग मधमाशी येते, मुंगी येते, फुलकिडे तर आत ठाण मांडूनच असतात, आणि प्रत्येकाच्या तोंडापायाला आधीच्या फुलातलं काहीतरी चिकटलेलं असतं ते इथे उतरतं. मकरंदात यीस्ट वाढतात, बॅक्टेरिया वाढतात, आणि जो आधी पोचला तो खाणं संपवून बसतो, मागून येणाऱ्याला जागाच उरत नाही. सगळा खेळ या आधी-नंतरचाच आहे.

सफरचंद-नाशपातीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्या. फायर ब्लाइट, म्हणजे फुलं-फांद्या जळल्यासारख्या काळ्या पाडणारा रोग, त्याचा बॅक्टेरिया फांदीवरच्या जुन्या जखमेतून पाझरतो, माश्या आणि पाऊस तो पहिल्या फुलांवर नेतात, पुढे मधमाश्या फुलाफुलाला वाटत जातात. कीटक हा रोग नेतात हे अमेरिकेत मर्टन वेट यांनी १८९१ सालीच दाखवलं होतं, तरी अजून लोक नुसती पानंच बघतात! बॅक्टेरिया वाढतो कुक्षीवर, म्हणजे परागकण जिथे पडतात त्या टोकावर, पण दव-पावसाने धुऊन खाली मकरंदाच्या वाटीत उतरला की खरा घात. म्हणून उबदार हवा आणि वर ओल, असे दिवस सांभाळा. पँटोया (उपयोगी बॅक्टेरिया) किंवा ऑरिओबॅसिडियम यांचं, रोगाच्या आधी जागा धरणारं जैविक औषध वापरणार असाल तर बहराच्या सुरुवातीला मारा, नवी फुलं उमलली की परत एकदा, कारण रोगाने जागा धरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि ऑरिओबॅसिडियम स्वतःच बुरशी आहे हो, त्याच्याच टाकीत बुरशीनाशक ओतलं तर पैसे पाण्यात.

बुरशीनाशकाने मकरंदातले यीस्टही कमी होतात, त्यामुळे गरज नसताना भर बहरात मारू नका, मारायचंच झालं तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

केळीत गोष्ट वेगळी. युगांडात २००१ ला जो झँथोमोनस मर (झाड सुकवणारा बॅक्टेरियाचा रोग) आला तो कीटकांनी केळफुलावरून केळफुलावर नेला. जिथे हा रोग आहे तिथे शेवटची फणी सुटली की केळफूल बेचकाच्या काठीने मुरगळून पाडा, कोयत्याने नको, कारण कोयता स्वतःच रोग पुढच्या झाडाला नेतो.

आणि मधपेट्या भाड्याने आणताना त्या आधी कुठल्या बागेत होत्या ते विचारा, पाझरणाऱ्या फांद्यांच्या बागेतून आल्या असतील तर थेट फुललेल्या बागेत ठेवू नका. बहर संपल्यावर मागाहून येणारी चुकार फुलं दिसली तर तीही खुडून टाका, उशिराची लागण तिथूनच होते.